हिरवी दाढ

ऑफिसात त्यांचं खरं नाव फक्त दाराजवळच्या हजेरीच्या यंत्राला ठाऊक होतं. बाकीचे त्यांना ‘त्याआधी’ म्हणत. म्हणजे तोंडावर ‘काका’ आणि पाठ वळली की ‘त्याआधी’. हे त्यांना माहीत होतं, आणि तक्रारही नव्हती, कारण नाव अंगाला बेतून शिवल्यासारखं बसलं होतं. कोणी येऊन म्हणालं की काका, प्रोग्राम बंद पडला, की ते चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, “त्याआधी काय झालं?” समोरचा सांगे, बटण दाबलं. त्याआधी? फाइल उघडली. त्याआधी? असं करत करत माणूस सकाळच्या चहापर्यंत मागे जाई, आणि एखादे वेळी खरोखरच दोष चहात सापडे. कप की-बोर्डवर लवंडलेला असे आणि नेमकं तेवढंच सांगायचं राहिलेलं असे.

दोष शोधणं हाच त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. प्रोग्राम लिहायला दुसरी तरणीताठी मंडळी होती. ती लिहीत, प्रोग्राम पडे, आणि पडलेला प्रोग्राम उचलून ‘त्याआधीं’च्या टेबलावर आणून ठेवला जाई. शेजाऱ्याचं रडणारं पोर ज्या भावनेनं आपण मांडीवर घेतो, त्या भावनेनं ते तो घेत. कोणी लिहिलंय हे कधी विचारत नसत. कुठे दुखतंय एवढंच बघत.

ही सवय घरीही सुटत नसे. एकदा सासूबाईंना घेरी आली. कोणी पाणी आणायला धावलं, कोणी पंखा लावला, कोणी डॉक्टरांना फोन लावला. जावईबापू शांतपणे खुर्ची ओढून जवळ बसले आणि म्हणाले, त्याआधी तुम्ही काय करत होता? सासूबाईंनी एक डोळा उघडला आणि सांगितलं, “तुमची वाट बघत होते, जेवायला.” बायकोचं म्हणणं असं, की मी लग्नाला हो म्हणाले त्याआधी काय काय झालं होतं, एवढं सोडून यांचं जगातलं सगळं विचारून झालंय.

तर अशा या गृहस्थाला त्यांच्या प्रश्नानं एकदा दगा दिला, त्याची ही हकिगत.

त्यांची कंपनी लहानशी. दात घडवायचा प्रोग्राम बनवायची. दात पडला किंवा डॉक्टरांनी काढला, की त्याच्या जागी नवा बसवतात. तो काही झाडाला लागत नाही, कोणीतरी घडवावा लागतो. पूर्वी कारागीर मेणाचा दात कोरत आणि त्यावरून साचा करत. आता जबड्याचं चित्र कॉम्प्युटरवर येतं, माणूस पडद्यावरच दात घडवतो, आणि शेजारच्या खोलीतलं यंत्र तो हुबेहूब कापून देतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला असा दातांचा एक कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन मोठ्या खोल्या, खिडकीखाली ओळीनं टेबलं, प्रत्येक टेबलावर एक कॉम्प्युटर, आणि कपाटांत मांडून ठेवलेले लोकांचे जबडे, कशाला हसताहेत ते त्यांचं त्यांना माहीत. सगळ्या टेबलांवर याच कंपनीचा प्रोग्राम होता आणि तो छान चालत होता. एका टेबलावर मात्र चालत नव्हता.

ते टेबल दाढताईंचं. त्या दाढा करत म्हणून दाढताई. पुढचे दात करणाऱ्यांचं कौतुक होतं, कारण ते दात हसल्यावर दिसतात. दाढ बिचारी तोंडाच्या कोपऱ्यात अंधारात उभी राहून जन्मभर दळण दळते, तिच्याकडे बघायला कोणी येत नाही. दाढताईंचंही थोडं तसंच होतं. अर्धं आयुष्य त्यांनी मेणात दाढा कोरल्या. मग अंगठ्याच्या मुळाशी सांधा धरला. मेण कोरायची पातळ सुरी धरली की कळ कोपरापर्यंत जाई. हात थांबायची वेळ आली तेवढ्यात हा पडद्याचा प्रोग्राम आला. माऊसला अंगठा लागत नाही, तळव्यानं ढकलला तरी चालतो. दाढताई नव्या उमेदीनं पुन्हा खुर्चीत बसल्या.

आणि त्यांचा कॉम्प्युटर मान टाकू लागला. चांगलं काम चाललेलं असताना पडदा एकदम काळा होई. माऊस हलत नसे, की-बोर्ड उत्तर देत नसे, पंखा तेवढा घरघरत राही. बटण दाबून बंद करायचा, पुन्हा चालू करायचा, दाढ पुन्हा पहिल्यापासून घडवायची. कधी दिवसभर काही होत नसे, कधी सकाळी सकाळीच. त्यांना दुसरा कॉम्प्युटर दिला, तोही पडला. नवं ग्राफिक्स कार्ड आणलं, तेही पडलं. वायर बदलली, खुर्ची बदलली, टेबल खिडकीपासून हलवलं. भिंत तेवढी बदलायची राहिली. आणि गंमत अशी, की त्यांचा जुना कॉम्प्युटर शेजारच्या माणसाला दिला, तर तो एखाद्या गुणी सुनेसारखा वागू लागला.

म्हणजे उरल्या कोण, तर दाढताई. तोंडावर कोणी बोललं नाही, पण कुजबुज सुरू झाली, की बाईंच्या हातालाच गुण नाही. वय झालं, दुसरं काय. मालक वाईट नव्हते, पण त्यांच्याकडे डॉक्टरांचे फोन येत होते. त्यांनी दाढताईंना सांगितलं, की आठवडाभर बघू, नाहीतर तुम्ही बाहेर फोनपाशी बसा, पार्सलं तपासा, त्रास तरी होणार नाही. हे त्यांनी इतक्या प्रेमानं सांगितलं की दाढताईंना रागही येईना. त्या घरी गेल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, आठवड्याभरानं मी बहुतेक पार्सल होणार.

तक्रार आली म्हणून ‘त्याआधी’ कारखान्यात गेले. हे सगळं त्यांना पहिल्या भेटीतच कळलं, कारण दाढताईंनी ते लपवलं नाही. “दोष माझा असला तर सरळ सांगा,” त्या म्हणाल्या. “मेण मला सोडून गेलं, ते मी सोसलं. पण हे का जातंय ते न कळता मी उठणार नाही.”

हे वाक्य ‘त्याआधीं’ना फार आवडलं. का ते कळल्याशिवाय उठायचं नाही म्हणणारा हा त्यांच्याच जातकुळीचा माणूस होता. ते खुर्ची ओढून बसले, चष्मा कपाळावर गेला, आणि प्रश्न बाहेर पडला. पडदा काळा झाला, त्याआधी काय केलंत?

“काही नाही,” दाढताई म्हणाल्या.

असं कसं, काहीतरी केलंच असेल. आठवून बघा. दाढताईंनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. दाढ केली, नीट झाली का बघितली, पुढची घेतली. सगळे करतात तेच. मग ‘त्याआधी’ म्हणाले, मला करून दाखवा, अगदी रोज करता तसंच. दाढताईंनी पदर खोचल्यासारखा चेहरा केला आणि करून दाखवलं. दाढ उघडली, वळवली, थांबवली, बंद केली, पाहुण्यांसमोर कपबशी ठेवावी तशी. काही झालं नाही. पुन्हा दाखवलं, काही झालं नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी इतक्या दाढा दाखवल्या की एका हत्तीचं काम भागलं असतं. कॉम्प्युटर ढिम्म. मालक दारातून डोकावून गेले, त्यांच्या चेहऱ्यावर ‘बघा, तुम्ही बसलात की चालतं’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. त्यामुळे दाढताई आणखीच कानकोंड्या झाल्या.

हाती एकच धागा होता. कॉम्प्युटर मरताना शेवटचे दोन शब्द कुठेतरी लिहून ठेवतो. त्यात असं होतं, की ग्राफिक्स कार्डानं मेमरीतली जी जागा वाचायला घेतली, ती त्याची नव्हती. आता हे कार्ड म्हणजे काय, तर चित्र काढणारा वेगळा कारागीर. प्रोग्राम स्वतः चित्र काढत नाही. तो दाढेचा सगळा तपशील कार्डाच्या मेमरीत ठेवतो आणि सांगतो, हे बघ आणि काढ. कार्ड काढत बसतं आणि प्रोग्राम पुढच्या कामाला लागतो. काम संपलं की प्रोग्राम ती जागा मोकळी करतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी देता येते. घरातला कोनाडा रिकामा करून द्यावा तसं. तर कार्ड कुठल्यातरी मोकळ्या झालेल्या कोनाड्यात हात घालत होतं. का? आणि दाढताईंच्याच टेबलावर का?

घरी जाताना, जेवताना, दात घासताना त्यांच्या डोक्यात तेच. दात घासताना तर जरा जास्तच. बायकोनं विचारलं, आरशात काय एवढं बघताय? ते म्हणाले, माझी दाढ बघतोय, किती गुंतागुंतीची आहे. बायको म्हणाली, आजवर चावलेलं डोकं बघता तिला एवढे कंगोरे पडायचेच. मग तिनं उशी ठीक करता करता विचारलं, की त्या बाईंना काय करता ते दाखवा म्हणालात? ते हो म्हणाले. “मला कोणी सांगितलं ना, की तू कशी चालतेस ते चालून दाखव,” बायको म्हणाली, “तर मी पहिल्या पावलाला अडखळेन.”

दुसऱ्या दिवशी ‘त्याआधीं’नी एकही प्रश्न विचारला नाही. निदान कॉम्प्युटरबद्दल नाही. ते दाढताईंच्या मागे, जरा बाजूला, कपाटातल्या जबड्यांच्या रांगेत जाऊन बसले आणि म्हणाले, तुम्ही काम करा, मला आपलं कुतूहल आहे, वरची दाढ आणि खालची दाढ यांत फरक काय असतो? दाढताईंनी पहिल्यांदा तुटकपणे सांगितलं. मग जरा सविस्तर. मग त्या रंगल्याच. चावा कसा बसतो, उंचवट्याला खळगा कसा मिळायला हवा, एका बाजूनं चावणाऱ्या माणसाची दाढ कशी ओळखू येते. बोलता बोलता त्यांचा हात चालू लागला. आणि तो हात बघून ‘त्याआधी’ बोलायचे थांबले, कारण कालचा हात हा नव्हताच. कालचा हात पाहुण्यांसमोरचा होता. आज तळव्याचा एक हलका फटका बसे आणि पडद्यावरची दाढ भोवऱ्यासारखी गरगर फिरू लागे. दाढताई तिच्यावर डोळा ठेवत, मान किंचित हलवत, आणि ती फिरत असतानाच तिला बंद करून पुढची उघडत. तीही फिरे, तीही फिरता फिरताच जाई.

तिसरीला की चौथीला पडदा काळा झाला.

दाढताईंचा चेहरा पडला. ‘त्याआधीं’चा मात्र असा उजळला की दाढताईंना वाटलं, या माणसाला दुसऱ्याच्या दुःखात आनंद होतो की काय. त्यांनी विचारलं, तुम्ही दाढ थांबायच्या आधीच बंद करता का? दाढताईंना हे माहीतच नव्हतं. त्या म्हणाल्या, मेणाची दाढ बोटांत फिरवून बघायची असते, बघून झाली की हात आपोआप ती खाली ठेवतो आणि पुढची उचलतो. थांबायची वाट कोण बघतं?

शेजारची मंडळी वाट बघत. त्यांचे दात पुढचे, साधे सपाट, कार्डाला चुटकीसरशी काढता येणारे, आणि ते दात थांबवून, निरखून, मग सभ्यपणे बंद करत. ऑफिसात प्रोग्राम तपासणारेही सभ्य. कंगोऱ्यांची जड दाढ, गरगर फिरती, आणि त्याच क्षणी बंद, असं करणारा हात जगात हा एकच असावा.

पण ‘त्याआधीं’चा स्वभाव असा, की एखादी गोष्ट पटली म्हणून ती खरी धरत नसत. त्यांनी ऑफिसात येऊन प्रोग्रामची एक खास प्रत बनवली. दाढ बंद केली, की हा प्रोग्राम तिची जागा दुसऱ्या कोणाला देत नसे. जागा तशीच ठेवी, पण तिच्यात पोपटी रंग भरून टाकी. कार्डानं तिथे पुन्हा हात घातलाच, तर कॉम्प्युटर मरणार नाही, कार्डाचा हात रंगून वर येईल. चोराच्या वाटेवर ओला रंग लावून ठेवावा, तशातला प्रकार.

कंपनीचे साहेब वयानं त्यांच्या मुलासारखे. त्यांना रंगबिंग काही पटलं नाही. ते म्हणाले, काका, कारण कळलं ना? मग माहितीपुस्तकात एक ओळ टाकू, की दात थांबल्यावरच बंद करावा. त्या बाईंनाही सांगा. काम झालं. यात वाईट हेतू नव्हता, पुढे दुसरी कामं खोळंबली होती. ‘त्याआधी’ सहसा वाद घालत नसत. त्या दिवशी त्यांनी खास प्रत खिशात टाकली आणि म्हणाले, “ती ओळ टाकली, तर बाई उद्या फोनपाशी बसतील. मला आधी रंग बघू द्या.”

पोपटी रंग दिसायला वेळ लागला नाही. दाढताईंनी फटका मारला, दाढ फिरली, बंद झाली, आणि जाता जाता क्षणभर पडद्यावर चकाकली ती पोपटी, कैरीच्या सालीसारखी.

“दाढ हिरवी झाली,” दाढताई म्हणाल्या.

पुन्हा करा, ‘त्याआधी’ म्हणाले. पुन्हा हिरवी झाली. मग शेजारच्यानं येऊन हळूहळू दात फिरवला, थांबवला, बंद केला. पांढराशुभ्र. त्यालाच जड दाढ दिली आणि फिरती बंद करायला लावली. हिरवी. हात बदलला तरी दाढ हिरवीच झाली, हे बघून शेजारचा माणूस दाढताईंकडे न बघता आपल्या टेबलाकडे गेला. एव्हाना मालक येऊन उभे राहिले होते. त्यांनी विचारलं, हा काय चमत्कार?

‘त्याआधीं’नी त्यांना सांगितलं, की समजा मी स्टुलावर चढून दिवा बदलतोय. तुम्ही मला स्टूल दिलंत आणि दुसऱ्या कामाला लागलात. मग तुम्हाला तेच स्टूल हवं झालं. तुम्ही आलात आणि वर न बघता ओढून नेलंत. मी सावकाश काम करणारा असेन आणि तुम्ही घाईचे, तर मी पडणार. इथे स्टूल म्हणजे ती मेमरी, वर चढलेलं ते कार्ड, आणि ओढून नेणारा आमचा प्रोग्राम. कार्ड अजून शेवटची दाढ काढत असतं आणि प्रोग्राम जागा घेऊन मोकळा होतो. कधी कार्डाचं काढून झालेलं असतं, कधी नसतं. म्हणून कधी पडतं, कधी पडत नाही.

मालकांनी यावर विचार केला. ते म्हणाले, “म्हणजे बाईंनी दाढ थांबेपर्यंत थांबायला हवं होतं.”

दाढताईंनी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

“नाही,” ‘त्याआधी’ म्हणाले. “स्टूल नेणाऱ्यानं वर बघायला हवं होतं. बाईंनी दिवा बदलायला सांगितला, एवढंच त्यांनी केलं. चूक आमची.”

आमची, हा शब्द कंपनीतल्या माणसाच्या तोंडून मालकांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला असावा. त्यांनी दाढताईंना चहा घेणार का विचारलं.

दुरुस्ती फारशी मोठी नव्हती, दोष सापडल्यावर दुरुस्ती कधीच फारशी मोठी नसते. जागा मोकळी करण्यापूर्वी प्रोग्रामनं कार्डाला विचारायचं, झालं का? कार्ड हो म्हणेपर्यंत ती दाढ आत बाजूला ठेवून द्यायची. हे विचारणं इतकं झटपट होतं की माणसाच्या डोळ्याला कळतही नाही. साहेबांनी हिरव्या दाढेचं चित्र पाहिलं आणि माहितीपुस्तकात टाकायची ओळ त्यांनीच रद्द केली. मग ते लिहिणाऱ्या मंडळींकडे गेले आणि म्हणाले, तपासताना जरा असभ्यपणे वापरत जा रे.

नवी प्रत घेऊन ‘त्याआधी’ पुन्हा कारखान्यात गेले, ती मालकांच्या मुदतीची शेवटची सकाळ. मालकांना दाढताईंच्या खोलीत सारखी कामं निघू लागली. एकदा खिडकी बघायला आले, एकदा पंखा. एकदा काहीच न सुचून कपाटातला एक जबडा उचलून पुन्हा होता तिथेच ठेवून गेले. दाढताई सुरुवातीला जपून हात चालवत होत्या. ‘त्याआधीं’नी त्यांना चक्क रागावून सांगितलं, की नेहमीसारखा फटका मारा, पाहुण्यांचा हात नकोय. मग दाढा भोवऱ्यासारख्या फिरू लागल्या आणि फिरता फिरता जाऊ लागल्या. पडदा काळा झाला नाही. जेवणाची वेळ झाली, होऊन गेली, पडदा काळा झाला नाही. त्यानंतर मालक स्वतः आले नाहीत. त्यांनी एक अवघड काम पाठवलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा खालचा जबडा, दोन्ही बाजूच्या दाढा गेलेल्या, चावा पार तिरका झालेला. सोबत निरोप होता, की हे बाईंनाच द्या, दुसऱ्या कोणाला जमायचं नाही.

दाढताईंनी निरोप ऐकला आणि जबडा पडद्यावर घेतला. ‘त्याआधीं’चं इथलं काम खरं तर संपलं होतं. त्यांनी पिशवीही खांद्याला लावली होती. पण दाढेच्या मधोमध दाढताईंनी एक बारीक नागमोडी खाच काढली आणि ते पुन्हा बसले. त्यांनी विचारलं, ही खाच सरळ का नाही?

दाढताई म्हणाल्या, घास एका जागी अडकून राहू नये, पुढे सरकत जावा म्हणून. आणि ती मध्ये कुठे तुटता कामा नये. एवढं बोलून त्यांनी तळव्याचा फटका मारला. दाढ गरगरली. ‘त्याआधी’ पुढे वाकले, चष्मा खाली आला, पण त्यांना नुसतं पांढरं वर्तुळ दिसलं. जरा थांबवता का, ते म्हणाले, कुठे काही दिसत नाही.

“थांबली की सगळ्याच दाढा चांगल्या दिसतात,” दाढताई म्हणाल्या. “फिरतानाच बघायची. उजेडाची रेघ बघा, दाढेची नका बघू.”

त्यांनी उजेडाची रेघ बघितली. एक बारीक चमक खाचेच्या कडेनं सरसरत चालली होती, वळणावर वळत होती, आणि एका ठिकाणी किंचित ठेचकाळत होती. तिथे. दाढताईंनी तिथे माऊस टेकवला, जरासं घासलं आणि पुन्हा फटका मारला. आता चमक न अडखळता पूर्ण फेरा करून आली. ‘त्याआधीं’नी लहान मुलासारखं विचारलं, पुन्हा एकदा दाखवता का? तोवर दाढताईंच्या हातानं ती फिरतीच बंद केली होती आणि दुसऱ्या बाजूची दाढ पडद्यावर घेतली होती.

“गेली ती,” त्या म्हणाल्या. “आता ही बघा.”